क्रेप मर्टल फुलत नाही? खताची पिशवी आधी खाली ठेवा

"बाकी सगळी बाग फुलून ओसरली, हे मात्र नुसतं हिरवंगार उभं आहे." क्रेप मर्टल लावलेल्या माणसांचं हे वाक्य मला तोंडपाठ झालंय. दरवर्षी त्याच सुमाराला ऐकू येतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "आता कुठलं खत घालू?" स्वतःची, नातेवाइकांची, ओळखीपाळखीच्यांची मिळून अशी रुसलेली बरीच झाडं आजवर हाताखालून गेली. त्यातलं खत घालून फुललेलं एकही आठवत नाही. खत बंद केल्यावर फुललेली मात्र चार-पाच आहेत.

झाड कोणतं ते आधी नक्की करू. शास्त्रीय नाव लॅगरस्ट्रोमिया इंडिका. नर्सरीत याला क्रेप मर्टल म्हणतात, कुठे कुठे सावनी. ताम्हणाचं हे धाकटं भावंड, आणि मेंदी-डाळिंबाच्या कुळातलं. झालरीसारख्या चुरगळलेल्या पाकळ्यांची गुलाबी, जांभळी, लाल किंवा पांढरी फुलं फांदीच्या टोकाला घोसाने येतात. हिवाळ्यात सगळी पानं गळतात, पालवी उशिरा फुटते आणि फुलं त्याहून उशिरा, हवा चांगली तापल्यावर. एवढं उशिराचं काम असल्यामुळेच लोक मधल्या काळात घाबरतात आणि नको ते करून बसतात.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, खालच्या निम्म्या तपासण्या तिच्यावर उभ्या आहेत: या झाडाची कळी याच हंगामात फुटलेल्या नव्या फांदीच्या टोकाला धरते, जुन्या लाकडावर नाही.

## लक्षणं

तुमच्या झाडाचं दुखणं यातलं कोणतं ते बघा. कंसात तपासणीचा क्रमांक दिला आहे. पण घाई नसेल तर पहिल्यापासूनच वाचा, कारण एकाच झाडाला दोन-दोन दुखणी असणं हे नेहमीचंच.

- हिवाळा सरला, शेजारची झाडं फुटली, हे मात्र काटक्यांसारखं उभं. (1)
- पानं मोठी, गडद हिरवी, फांद्या हातभर वाढलेल्या, कळीचा पत्ता नाही. (2, 3, 4)
- एकाच बाजूला फुलं, दुसरी बाजू कोरी. (2)
- फुलं येतात, पण फांद्या बारीक आणि लांब, घोसाच्या वजनाने जमिनीपर्यंत लवतात. (4)
- एकदा भरभरून फुललं, मग हिरव्या गोळ्या धरल्या आणि संपलं. (5)
- कळ्या धरतात, पण न उमलता वाळून गळतात. (6)
- पानं चिकट लागतात, काही दिवसांनी काळी पडतात. (7, 9)
- कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर पीठ भुरभुरल्यासारखा पांढरा थर. (8)
- नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. (10)
- लावून तीन-चार वर्षं झाली तरी झाड जिथल्या तिथे. (11)

आता दुखणं नसलेली दोन लक्षणं. खोडाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, ठिगळं लावल्यासारखं खोड दिसतं. हा या झाडाचा स्वभाव आहे, रोग नाही. त्या सालीवर पेस्ट फासलेली, सुतळी गुंडाळलेली झाडं मी पाहिली आहेत. दुसरं, पानगळीआधी पानं पिवळी-केशरी-लाल होतात. तिथेही काही करायचं नाही, बघत बसायचं.

## तपासण्या, फुकटातल्या आधी

### 1. मेलंय की झोपलंय?

साधन: अंगठ्याचं नख. बोटाएवढ्या जाडीच्या फांदीवर साल किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा पदर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर खाली-खाली सरकत बुंध्यापर्यंत खरवडत या. टोकं मेलेली आणि बुंधा जिवंत असं पुष्कळदा आढळतं, विशेषतः कडक थंडी आणि दंव पडतं तिथे. वरचं सगळं गेलं तरी मुळांपासून नवे फुटवे येतात, आणि कळी नव्या फांदीवरच धरत असल्यामुळे तेच फुटवे त्याच वर्षी फुलूही शकतात.

ही तपासणी पहिली का, तर सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. जिवंत झाड "मेलं" म्हणून उपटलं जातं. मी स्वतः पहिलं झाड असंच उपटलं होतं. मुळं हातात आली तेव्हा कळलं. जवळपासची सगळी झुडपं हिरवी झाल्यावरही काही आठवडे थांबायची तयारी ठेवा.

### 2. ऊन मोजा, अंदाज नको

"ऊन भरपूर आहे हो" हे उत्तर मी आता ऐकून घेतो आणि सोडून देतो. माणसाला जो उजेड भरपूर वाटतो, तो या झाडाला सावली वाटू शकतो. निदान सहा तास थेट ऊन हवं, आठ मिळालं तर उत्तम. झाडावर, जमिनीवर नव्हे.

एक सुटीचा दिवस काढा. सकाळी सातपासून दर तासाला झाडाचा फोटो घ्या, शक्यतो एकाच जागेवरून. संध्याकाळी फोटो ओळीने बघा आणि झाडाच्या वरच्या अर्ध्या भागावर थेट ऊन पडलेले तास मोजा. हे फुलायच्या दिवसांत करा. हिवाळ्यात शेजारच्या झाडाची पानं गळलेली असतात, सूर्यही वेगळ्या उंचीवरून फिरतो, त्यामुळे हिवाळ्यातला हिशोब फसवतो.

लावताना ऊन होतं, आता नाही, असंही होतं. पाच वर्षांत शेजारचं झाड वाढतं, भिंत उभी राहते, वरच्या मजल्यावर पत्रा येतो. एका बाजूलाच फुलणारं झाड बहुतेक वेळा हेच सांगत असतं.

उपाय स्वस्तापासून: कुंडी असेल तर हलवा. जमिनीत असेल तर सावली पाडणाऱ्या झाडाच्या खालच्या दोन-तीन फांद्या काढून बघा. तेवढ्यानेही दीड-दोन तास मिळून जातात. दोन्ही जमत नसेल तर झाड हलवणं उरतं. ते पानगळीतच करायचं, आणि खोड मनगटाएवढं झालं असेल तर एकट्याने नाही. सावलीतल्या झाडाला खत, औषध, टॉनिक काहीही घालून फूल येत नाही.

### 3. खत: काय घातलं ते आठवा

पानं मोठी, गडद, लुसलुशीत आणि कळी नाही, असं झाड दिसलं की माझा पहिला संशय नत्रावर. नत्र पानं आणि फांद्या वाढवतं. ते सतत मिळत राहिलं तर झाड वाढतच राहतं, टोकाला कळी धरायला थांबत नाही. वर त्या कोवळ्या, रसाळ वाढीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) आणि भुरी (पांढरी बुरशी) दोन्ही तुटून पडतात. म्हणजे फूल गेलं आणि पाहुणे आले.

इथे गंमत अशी की पुष्कळांनी झाडाला खत घातलेलंच नसतं. ते घातलेलं असतं शेजारच्या हिरवळीला. हिरवळीच्या खतात नत्र जास्त असतं आणि झाडाची मुळं हिरवळीखाली लांबवर पसरलेली असतात. कुंडीत दर आठवड्याला "थोडंसं" द्रवखत घालणाऱ्यांचंही तेच.

उपाय म्हणजे बंद करा. जमिनीतल्या झाडाला पूर्ण हंगाम काही देऊ नका. कुंडीत असेल तर खालच्या भोकातून पाणी मोकळं वाहेपर्यंत भरपूर पाणी दोन-तीनदा द्या, साठलेले क्षार वाहून जातील. नंतरही पालवी फुटताना एकदा कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एवढं पुरे. मधल्या काळात हात शिवशिवले तर दुसऱ्या झाडाकडे जा.

### 4. छाटणी: कधी केली, कशी केली

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वात जास्त घोळ इथला असतो, म्हणून जरा सविस्तर.

कधी. कळी नव्या वाढीच्या टोकाला येते, म्हणून छाटणी नवी वाढ सुरू व्हायच्या आधी हवी: हिवाळा संपता संपता, डोळे फुगायच्या बेतात असताना. पालवी फुटून महिना-दीड महिना झाल्यावर "जरा आकार देतो" म्हणून टोकं उडवली, तर तुम्ही कळ्याच उडवल्या. झाड पुन्हा फुटेल, पुन्हा वाढेल, पण फुलं लांबतील, हंगाम अपुरा असेल तर येणारच नाहीत. कुंपणासारखं दर महिन्याला सपाट कापलेलं क्रेप मर्टल कधीच फुलत नाही, त्याला तशी संधीच मिळत नाही. उलट टोक म्हणजे थंडीच्या तोंडावर केलेली छाटणी. तिने कोवळे फुटवे येतात आणि थंडीत करपतात.

कशी. दरवर्षी एकाच उंचीवर सगळ्या फांद्या खटाखट तोडायच्या, ही सवय जगभर आहे. इंग्रजीत या झाडाच्या नावावर शब्दखेळ करून तिला "क्रेप मर्डर" असं नावच पडलंय. कापलेल्या जागी दरवर्षी गाठ मोठी होत जाते, तिच्यातून झाडूसारखे दहा-पंधरा लांब, बारीक धुमारे निघतात. घोस मोठा येतो, फांदी बारीक असते, आणि पहिल्या जोरदार पावसात सगळं जमिनीवर. त्यात एवढी उंची परत कमवायला वेळ लागतो म्हणून फुलंही उशिरा.

बरोबर छाटणी कंटाळवाणी वाटेल इतकी थोडी असते:

- वाळलेल्या, मोडलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या.
- आतल्या बाजूला वळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक काटक्या. मधून हवा आणि ऊन खेळलं पाहिजे.
- बुंध्यातून आणि मुळांतून निघालेले पानसोट. पाच-सात खोडांचं झाड ठेवायचं असेल तर चांगली खोडं निवडून बाकीची जमिनीलगत काढा.
- उंची कमी करायचीच असेल तर फांदी अधांतरी न तोडता, जिथे ती दुसऱ्या फांदीला मिळते तिथे कापा.

आधीच गाठी झालेलं झाड पदरात पडलं असेल तर निराश होऊ नका. एका गाठीतून निघालेल्या धुमाऱ्यांपैकी बाहेर झुकणारे दोन जाड ठेवा, बाकीचे बुडापासून काढा, आणि पुढच्या वर्षी ते दोन कापू नका. दोन-तीन वर्षांत त्या फांद्या भरतात. फारच विद्रूप असेल तर हिवाळ्याअखेर सगळं जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून नव्या फुटव्यांतून तीन-पाच खोडं निवडायची. झाड हे सहन करतं. मालकाला सहन होत नाही, हा वेगळा भाग.

शेवटचं: झाड सहा मीटर वाढणाऱ्या जातीचं असेल आणि जागा दोन मीटरची, तर छाटणी हा उपाय नव्हे, दरवर्षीची शिक्षा आहे. तिथे बुटकी जात लावा.

### 5. बोंडं काढलीत का?

पहिला बहर ओसरला की फुलांच्या जागी वाटाण्याएवढी हिरवी बोंडं धरतात. ती पिकवण्यात झाडाची ताकद जाते. घोस सुकला की लगेच, त्याच्याखालच्या पहिल्या दमदार पानांच्या वर कापा. त्या पानांच्या बेचक्यातून नवी फांदी निघते आणि काही आठवड्यांत तिच्या टोकाला पुन्हा घोस येतो. पहिल्यापेक्षा लहान, पण येतो. माझ्या मते या झाडावर घालवलेला सर्वात फायद्याचा अर्धा तास हाच. थंडी दोन महिन्यांवर आली की मात्र थांबा.

झाड उंच असेल आणि शिडी लागत असेल तर हे सोडून द्या. बोंडं राहिल्याने झाडाचं काही बिघडत नाही, फक्त दुसरा बहर मुकतो.

### 6. पाणी

रुजलेलं क्रेप मर्टल कोरड्याला चांगलं तोंड देतं. त्यामुळे "याला पाणी लागत नाही" असा समज आहे. मरत नाही हे खरं, पण कळ्या भरत असताना माती पार कोरडी पडली तर कळ्या वाळून गळतात. मातीत वीतभर खोल पहार किंवा जाड काडी खुपसून बघा. वरून कोरडं, खाली ओल, हे चालेल. खालीही खडखडीत असेल तर रोज शिंतोडे मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा आळं भरून मुरवून द्या. लावल्यानंतरची पहिली दोन वर्षं मात्र हयगय नको.

उलट, काडीला चिखल लागून वर आली आणि वास येत असेल तर निचरा बिघडलाय. सरळ 11 वर जाऊन मुळं तपासा.

### 7. पान उलटून बघा

पान वरून चकचकीत, हात लावला तर चिकट. पान उलटा. खाली पिवळसर-हिरवे बारीक किडे दिसतील, तो मावा. क्रेप मर्टलवर येणारा मावा सहसा याच झाडाचा खास असतो. तो रस शोषतो आणि गोड चिकटा टाकतो. त्या चिकट्यावर मग काळी बुरशी वाढते. लोक काळं बघून बुरशीनाशक मारतात, म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. काळी बुरशी पानात शिरलेली नसते, वरवर बसलेली असते. मावा गेला की तिचं खाणं बंद.

क्रमाने करा. आधी नळीच्या जोरदार धारेने पानांची खालची बाजू धुवा, एक दिवसाआड तीन-चार वेळा. निम्म्या झाडांना एवढंच पुरतं. मग ढालकिडे दिसतात का बघा. त्यांची लांबुळकी, काळी-नारिंगी अळी लोकांना कीड वाटते, पण ती दिवसाला कित्येक मावे फस्त करते. ती दिसली तर फवारणी थांबवा.

तरी आटोक्यात येत नसेल तर लिटरभर पाण्यात 5 मिलि कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळण्यापुरता सौम्य द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या खालून. आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबा. उमललेल्या फुलांवर नको.

मुळाशी ओतायची किंवा झाडात भिनणारी कीटकनाशकं, म्हणजे इमिडाक्लोप्रिडसारखी, मी या झाडाला वापरत नाही. ती रसातून परागापर्यंत पोहोचू शकतात, आणि या झाडावर मधमाश्या येतात त्या परागासाठीच. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिडसह त्याच गटातल्या (निओनिकोटिनॉइड) तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांच्या काळजीपोटीच. आणखी एक लक्षात घ्या: फुलं नसतानाही मधमाश्या पानांवरचा चिकटा चाटायला येतात. म्हणून "आत्ता फुलं नाहीत, मारून टाकू" हा युक्तिवाद फसवा आहे.

### 8. भुरी

कोवळ्या शेंड्यावर पांढरी पूड, पानं वळलेली, कळ्या पुडीखाली गुदमरलेल्या. बहुतेक बुरश्यांना रुजायला पानावर पाणी लागतं, भुरीला लागत नाही. दिवस कोरडे-उबदार आणि रात्री दमट असल्या की ती पसरते. सावली आणि दाटी असेल तर तिचं फावतंच. म्हणून भुरीचा खरा उपाय 2, 3 आणि 4 मध्ये आहे. ऊन वाढवा, नत्र तोडा, मध्य मोकळा करा.

लागलेले शेंडे कापून पिशवीत घालून टाका. फवारायचंच असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक, पाकिटावरच्या प्रमाणात. पारा 32 अंशांच्या वर असताना मात्र नको, पानं करपतात. आणि कडुनिंबाचं किंवा कुठलंही तेल मारलं असेल तर त्यानंतर दोन आठवडे गंधक नको.

दरवर्षी न चुकता भुरी येत असेल तर जात बदला. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी क्रेप मर्टलचा लॅगरस्ट्रोमिया फौरिएई या जपानी भावंडाशी संकर केला, तो मुख्यतः भुरीला दाद न देणाऱ्या जाती काढण्यासाठी. 1978 मध्ये आलेली पांढऱ्या फुलांची 'नॅचेझ' आणि फिकट जांभळी 'मस्कोगी' या त्यातल्याच. जागा दमट असेल तर अशी संकरित जात आणणं हे दहा वर्षं फवारत बसण्यापेक्षा शहाणपणाचं.

### 9. खोडावरचे पांढरे ठिपके

चिकटा आहे, काळेपणा पानांपेक्षा खोडावरच जास्त आहे आणि पानांखाली मावा नाही. मग फांद्यांच्या बेचक्यात बघा. कापसासारखे पांढरे-करडे ठिपके दिसले तर काडीने एक चिरडा. गुलाबी-लालसर द्रव निघाला तर ती सालीवरची खवले कीड. मूळची पूर्व आशियातली. अमेरिकेत ती 2004 मध्ये टेक्सासमध्ये पहिल्यांदा सापडली आणि नंतर पसरत गेली. झाड सहसा मरत नाही, पण फुलं कमी होतात आणि झाड ओंगळ दिसतं.

मऊ ब्रश, सौम्य साबणाचं पाणी, आणि हात पोहोचतो तिथपर्यंत खोड घासून काढा. हिवाळ्यात पानं नसताना हे सोपं जातं. किडीने भरलेल्या बारीक फांद्या कापून बागेबाहेर काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका.

### 10. मातीचा सामू

या झाडाला किंचित आम्ल माती आवडते, सामू (पीएच) साधारण 5 ते 6.5. चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही, म्हणून नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. (जुनी, खालची पानं आधी पिवळी होत असतील तर ते लोह नव्हे.) चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना आहे. नवी भिंत किंवा फरशी झाल्यावर लगेच हे सुरू झालं असेल तर सिमेंटचा राडारोडा आळ्यात गेलाय का ते उकरून बघा.

अशा मातीत साधं फेरस सल्फेट टाकून उपयोग थोडा, तेही अडकून बसतं. जास्त सामूत टिकणारं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपातलं) लागतं, आणि ते घेण्याआधी माती तपासून घेतलेली बरी.

### 11. मुळं

हे शेवटी, कारण यात घाम आहे आणि चुकलं तर झाड दुखावतं. बुंध्याभोवतीची माती हाताने उकरा. खोड जमिनीत शिरतं तिथे ते किंचित रुंद होत मुळांना मिळालेलं दिसलं पाहिजे. खांबासारखं सरळ आत गेलं असेल तर झाड खोल लावलंय किंवा वर मातीचा ढीग चढलाय. तो काढा. बुंध्याभोवती गोल फिरलेलं मूळ दिसलं, तर ते कुंडीतल्या गुंडाळलेल्या मुळांचं पुढचं रूप. पेन्सिलीएवढं असेल तर पानगळीत कापून टाका. त्याहून जाड असेल तर थांबा, खाली "थांबा आणि माणूस बोलवा" वाचा.

कुंडीतलं झाड पानगळीत बाहेर काढा. माती दिसत नसेल, नुसती मुळांची जाळी असेल, तर बाहेरची फिरलेली मुळं कापून एक माप मोठ्या कुंडीत नव्या मातीत लावा.

आणि बुंध्याची साल बघा. गवत कापायच्या यंत्राच्या दोरीने चारी बाजूंनी सोललेला बुंधा हे मोठ्या बागांतलं नेहमीचं दुखणं. सालीखालूनच अन्न मुळांकडे जातं.

## फुललं, पण माश्या येत नाहीत

ही वेगळी तक्रार. इथे बऱ्याचदा दोष अपेक्षेत असतो. क्रेप मर्टलच्या फुलात मध नसतो. फुलपाखरांच्या आशेने ते लावलं असेल तर फसगत होणारच. शेजारी मध देणारं काहीतरी लावा. याच्याकडे आहे तो पराग, आणि त्यात एक मजेदार व्यवस्था आहे. फुलाच्या मधोमध आखूड, पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका असतो. माश्या तो बघून येतात आणि तो पराग खायला नेतात. बाहेरच्या बाजूला लांब, वळलेले, अंग चोरून उभे असलेले काही पुंकेसर असतात. माशी मधे रमलेली असताना ते तिच्या पाठीला पराग लावतात, आणि पुढच्या फुलाला पोहोचतो तो हा पराग.

म्हणून माश्या बघायच्या तर सकाळी बघा. दुपारपर्यंत पिवळा पराग बराचसा नेलेला असतो. सकाळीही सलग आठवडाभर मधमाशी नाही, भुंगा नाही, तर गेल्या दोन महिन्यांत तुम्ही किंवा शेजाऱ्यांनी काय फवारलं ते विचारा.

## थांबा आणि माणूस बोलवा

- फांदी विजेच्या तारेजवळ आहे. कितीही लहान असो, हात लावू नका. वीज पुरवणाऱ्यांना कळवा.
- शिडीवर चढून करवत चालवावी लागतेय, किंवा फांदी मनगटापेक्षा जाड आहे.
- बुंध्यात पोकळी आहे, बुडाशी अळंबी उगवली आहे, किंवा भोकांतून भुसा पडतोय. हे बागकाम नाही, झाड पडण्याचा प्रश्न आहे.
- हंगामात एकच बाजू अचानक सुकली आणि नख लावून पाहिलं तर आत तपकिरी. फांदी आणि मुळाचा नमुना वनस्पतिरोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. घरी औषधांचे प्रयोग करू नका.
- बुंध्याला जाड मूळ आवळतंय, किंवा मोठं झाड हलवायचंय.
- मोठ्या झाडाचं पूर्ण खोड खवले किडीने भरलंय आणि ब्रश पोहोचत नाही.
- ऊन, खत, छाटणी तिन्ही नीट करून दोन पूर्ण हंगाम गेले आणि तरी एकही कळी नाही. माती परीक्षण करून घ्या, सामू आणि क्षार दोन्ही. अहवालात काहीच सापडलं नाही आणि उन्हाळा तुमच्याकडे मुळातच थंड असेल, तर झाड बदला. या फुलाला उष्णता लागते आणि ती बाटलीत मिळत नाही.

झाडं कापणारा माणूस बोलावलात तर काम चालू असताना स्वतः खाली उभे राहा. कोणत्या फांद्या जाणार त्यांना आधीच सुतळी बांधून ठेवा. "वरून जरा लेव्हल करून देतो" असं तो म्हणाला की नको म्हणा.